फ्रेंच टोस्ट: शिळ्या ब्रेडचा गरम नाश्ता

फ्रेंच टोस्ट म्हणजे दूध आणि अंड्याच्या मिश्रणात भिजवून तुपावर किंवा लोण्यावर परतलेला ब्रेड. बाहेरून खरपूस आणि आतून खरवसासारखा मऊ, ही त्याची ओळख. त्याला लागणारे साहित्य बहुतेक घरांत असतेच आणि वेळ लागतो जेमतेम पंधरा मिनिटे. असे असूनही घरोघरी तो फसतो. कधी मधोमध गिळगिळीत राहतो, कधी बाहेरून करपतो, तर कधी त्याला अंड्याचा हिवस वास येतो. यामागची कारणे ब्रेडचा कोरडेपणा, दूध-अंड्याचे प्रमाण आणि तव्याची आच या तीन गोष्टींत सापडतात.

हा नाश्ता रुळलेल्या वस्त्यांपैकी एक म्हणजे नागपूर शहराच्या पश्चिमेला, अमरावती मार्गावर असलेले वाडी. एका बाजूला अंबाझरी आयुध निर्माणीची वसाहत, दुसऱ्या बाजूला ट्रान्सपोर्टची गोदामे आणि त्यांच्या आजूबाजूला वाढलेल्या नव्या वस्त्या, असे आजचे वाडी. सकाळची पाळी, शाळेची बस आणि डब्याची घाई सांभाळणाऱ्या अशा वस्तीत पोहे आणि उपम्याच्या जोडीला ब्रेडचे पदार्थ नाश्त्यात आले. त्यांत तिखट अंडाब्रेड आधी रुळला आणि गोड फ्रेंच टोस्ट नंतर. इथल्या हवेचाही या पदार्थाशी संबंध येतो. मे महिन्यात पारा ४५ अंशांपर्यंत चढतो तेव्हा उघडा ठेवलेला ब्रेड काही तासांत कडक होतो, तर पावसाळ्यात तोच ब्रेड पाकिटात राहून बुरसतो. त्यामुळे ऋतू पाहून कृतीत थोडा बदल करावा लागतो.

पदार्थाचा प्रवास

शिळा ब्रेड भिजवून तळण्याची रीत फ्रान्सपेक्षा पुष्कळ जुनी आहे. एपिकियसच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या रोमन पाककृतींच्या संग्रहात पांढऱ्या ब्रेडच्या कडा काढून त्याचे तुकडे दुधात भिजवावेत, तळावेत आणि वरून मध घालावा अशी कृती आहे. मध्ययुगीन युरोपात ब्रेड वाया घालवणे परवडणारे नव्हते. त्यामुळे जर्मनी, फ्रान्स, इंग्लंड, स्पेन आणि पोर्तुगाल या सर्व देशांत या पदार्थाचे आपापले प्रकार तयार झाले. स्पेनमध्ये तो ईस्टरच्या आधीच्या उपवासकाळात करतात आणि पोर्तुगालमध्ये नाताळात. इंग्लंडमध्ये रॉबर्ट मे या आचाऱ्याच्या १६६० सालच्या पाकपुस्तकात 'फ्रेंच टोस्ट' या नावाने जी कृती आहे तिच्यात अंडेच नाही. जाड काप शेकून ते मद्यात भिजवायचे आणि साखर व संत्र्याचा रस घालून वाढायचे, अशी ती कृती. संत्र्याशी या पदार्थाचे नाते असे साडेतीनशे वर्षांहून जुने आहे.

आपल्याकडे यीस्टने फुगवलेला पाव पोर्तुगीजांबरोबर गोव्यात आला. १५१० नंतर तिथे पाव भाजणाऱ्या पोदेरांचा व्यवसाय उभा राहिला आणि सुरुवातीला यीस्टऐवजी ताडीचे आंबवण वापरले गेले. इंग्रजी अमलात छावण्या, रेल्वे आणि क्लब यांच्यासोबत चौकोनी ब्रेड सर्वदूर पोहोचला. नागपूर भागात त्याला आजही डबलरोटी म्हणणारे लोक भेटतात. हैदराबादचा 'डबल का मीठा' आणि उत्तरेतला शाही तुकडा हे फ्रेंच टोस्टचे भारतीय भाऊबंद म्हणता येतील. त्यांत ब्रेड आधी तळून मग साखरेच्या पाकात आणि आटीव दुधात मुरवतात, अंडे मात्र वापरत नाहीत.

यंत्राने कापलेला ब्रेड प्रथम १९२८ साली अमेरिकेतल्या मिसुरी राज्यात विकला गेला. ऑटो रोहवेडर याने बनवलेल्या यंत्रामुळे सगळे काप एकसारख्या जाडीचे मिळू लागले. भारतात १९६५ साली सरकारने मॉडर्न बेकरीज ही कंपनी काढली आणि मेणकागदात गुंडाळलेला कापीव ब्रेड शहरी मध्यमवर्गाच्या घरात शिरला. पुढे २००० साली ही कंपनी सरकारने हिंदुस्तान लीव्हरला विकली. घरी फ्रेंच टोस्ट करण्याची सवय या कापीव ब्रेडच्याच पाठोपाठ आली.

ब्रेड कोणता आणि किती शिळा

ताजा ब्रेड या पदार्थाला चालत नाही. भट्टीत भाजताना पिठातला स्टार्च पाणी शोषून फुगतो. ब्रेड थंड झाल्यावर या स्टार्चचे रेणू पुन्हा एकमेकांना चिकटून घट्ट रचना करू लागतात. ब्रेड शिळा होतो तो मुख्यतः या क्रियेमुळे. पाकिटात बंद असलेला, पाणी न गमावलेला ब्रेडही त्यामुळेच दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी कडक लागतो. अशा ब्रेडची जाळी टणक झालेली असते, म्हणून ती दूध पिऊनही उभी राहते. ताज्या ब्रेडची जाळी ओली आणि लवचीक असल्याने भिजताच तिचा लगदा होतो आणि उलथन्यावर काप मोडतो.

कापांतले पाणी उडून गेलेले असेल तर ते मिश्रण अधिक शोषतात. एक ते दोन दिवसांचा ब्रेड सर्वांत योग्य. हाताशी ताजाच असेल तर काप जाळीवर सुटे मांडून ठेवावेत. नागपूरच्या उन्हाळ्यात पंख्याखाली अर्धा-पाऊण तास पुरतो, हिवाळ्यात रात्रभर ठेवावे लागतात. पावसाळ्यात हवेतच ओल असल्याने काप उघडे ठेवून वाळत नाहीत. तेव्हा मंद आचेवर कोरड्या तव्यावर दोन्ही बाजूंनी दोन-दोन मिनिटे फिरवावेत, रंग मात्र येऊ देऊ नये.

ब्रेड फ्रिजमध्ये ठेवला की बुरशी लवकर येत नाही, पण स्टार्च घट्ट होण्याची क्रिया त्याच तापमानाला सर्वांत वेगाने होते. सँडविचसाठी हा तोटा आहे, फ्रेंच टोस्टसाठी फायदा. जास्त दिवस ठेवायचा ब्रेड फ्रीझरमध्ये ठेवावा. तिथे ही क्रिया जवळजवळ थांबते आणि लागतील तेवढे काप काढून घेता येतात.

पाकिटातल्या ब्रेडचा काप साधारण सव्वा सेंटीमीटर जाड असतो. त्याचा टोस्ट चांगला होतो, पण मध्यभागाचा मऊपणा खऱ्या अर्थाने कळतो तो दोन ते अडीच सेंटीमीटर जाडीच्या कापात. त्यासाठी बेकरीतून न कापलेला ब्रेड आणून घरी कापावा. मिल्क ब्रेड थोडा गोडसर असल्याने त्याला रंग लवकर येतो. आटा ब्रेड किंवा ब्राऊन ब्रेड दूध सावकाश शोषतो, म्हणून त्याला भिजायला जास्त वेळ द्यावा. लादीपाव आडवा कापून वापरला तरी चालतो, फक्त तो फार मऊ असल्याने मिश्रणात बुडवून लगेच काढावा. चहासोबत खायचे कडक टोस्ट मात्र या कामाचे नाहीत. ते आधीच दोनदा भाजलेले असतात आणि दुधात पडताच विरघळतात.

शिळा आणि बुरसलेला यांत फरक आहे. कापावर हिरवट, काळे किंवा पांढरे ठिपके दिसले तर तेवढा भाग खरवडून उरलेला वापरू नये. बुरशीचे तंतू डोळ्यांना दिसतात त्याहून खोल गेलेले असतात आणि काही बुरशींची विषे तव्याच्या आचेने नष्ट होत नाहीत. अशा वेळी पूर्ण पाकीट टाकून द्यावे.

मिश्रणाचे गणित

दोन माणसांसाठी चार कापांना पुढील प्रमाण पुरते:

- अंडी २
- दूध अर्धा कप, म्हणजे सुमारे १२० मिलिलिटर
- साखर १ मोठा चमचा
- मीठ चिमूटभर
- वेलची किंवा जायफळ पूड पाव चमचा, अथवा व्हॅनिला अर्धा चमचा
- साजूक तूप किंवा लोणी ४ चमचे

या प्रमाणात दूध आणि अंडे जवळजवळ समसमान पडतात, कारण दोन अंड्यांचा बलक आणि पांढरे मिळून शंभर ग्रॅमच्या आसपास भरते. दूध याहून फार वाढवले तर अंड्यातली प्रथिने ते धरून ठेवू शकत नाहीत आणि टोस्टचा मध्य ओला राहतो. अंडे वाढवले तर ब्रेडभोवती ऑमलेटचे आवरण तयार होते आणि वासही उग्र येतो. जाड काप असतील तर दूध थोडे जास्त घ्यावे, पातळ कापांना कमी.

दूध शक्यतो सायीचे घ्यावे. फुल क्रीम दुधात ६ टक्के स्निग्धांश असतो, टोन्ड दुधात ३ टक्के. स्निग्धांशामुळे अंड्याची वीण सैल राहते आणि टोस्ट मऊ होतो. टोन्ड दूधच असेल तर त्यात चमचाभर साय फेटून घालावी. तापवलेले दूध पूर्ण निवल्यावरच वापरावे, कारण गरम दुधात अंडे तिथेच शिजून त्याचे दाणे होतात.

अंडी आधी साखर आणि मिठासह फेटावीत आणि मग दूध धारेने घालावे. सगळे एकदम मिसळले तर पांढऱ्याच्या तारा तशाच राहतात आणि टोस्टवर शिजलेल्या अंड्याचे पांढरे ठिपके दिसतात. मिश्रण गाळणीतून गाळले की हा प्रश्न मिटतो. साखर एका चमच्यापेक्षा जास्त घालू नये. मिश्रणातली जादा साखर तव्यावर करपते. गोडी वाढवायची असेल तर ती वरून वाढवावी.

भिजवणे

मिश्रण पसरट ताटात ओतावे, म्हणजे काप आडवा मावतो आणि दोन्ही बाजूंना सारखा भिजतो. पाकिटातल्या पातळ कापाला प्रत्येक बाजूला १० ते १५ सेकंद पुरतात. बेकरीच्या जाड आणि कोरड्या कापाला प्रत्येक बाजूला एक मिनिट लागते. काप बोटाने हलकेच दाबून पाहावा. मध्यभाग स्पंजासारखा दबला आणि तरी काप उचलताना मोडला नाही, तर तो नीट भिजला. उचलल्यावर ताटावर क्षणभर धरून जादा मिश्रण निथळू द्यावे. ते तव्यावर सांडले तर टोस्टच्या कडेला अंड्याची झालर तयार होते आणि करपते.

तवा, तूप आणि आच

तव्यावर एकाच वेळी दोन क्रिया चाललेल्या असतात. आत दूध-अंड्याचे मिश्रण घट्ट होत असते. नुसते अंडे ६० ते ७० अंश सेल्सियसच्या दरम्यान घट्ट होऊ लागते, पण दूध आणि साखर मिसळलेले मिश्रण त्यासाठी ८० अंशांच्या आसपासची उष्णता मागते. बाहेर मात्र सोनेरी रंग आणि खरपूस वास येण्यासाठी १४० अंशांच्या वर तापमान लागते. प्रथिने आणि साखर यांच्यातली ही क्रिया फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ लुई कामिय मायार याने १९१२ साली मांडली. पोळीवरचे डाग, भाजलेला खवा, ब्रेडचे कवच या सर्वांचा रंग आणि सुगंध त्याच क्रियेतून येतो.

बाहेर १४० आणि आत ८० अंश हा तोल मध्यम आचेवरच साधतो. आच मोठी असेल तर बाहेरचा रंग मिनिटभरात गडद होतो आणि आतले मिश्रण कच्चे राहते. आच फार मंद असेल तर पाणी हळूहळू बाहेर येत राहते, काप तुपात उकडल्यासारखा होतो आणि त्याला रंग येत नाही. तवा आधी दोन-तीन मिनिटे मध्यम आचेवर तापवावा. पाण्याचा थेंब टाकताच तो चुर्र होऊन उडाला की तूप सोडावे. पोळीचा लोखंडी तवा मधोमध जास्त तापतो, म्हणून काप मधूनमधून फिरवावा. बिडाचा किंवा जाड बुडाचा तवा आच सर्वत्र सारखी पसरवतो. प्रत्येक बाजूला दोन ते तीन मिनिटे लागतात. जाड कापाला दोन्ही बाजू झाल्यावर आच कमी करून एक-दोन मिनिटे झाकण ठेवावे. मधोमध सुरीचे टोक टोचून पाहिल्यावर पातळ मिश्रण बाहेर आले नाही म्हणजे टोस्ट झाला.

लोण्याची चव चांगली, पण त्यात दुधाचे घन कण असतात आणि ते लवकर काळे पडतात. साजूक तूप कढवतानाच हे कण बेरीच्या रूपात बाजूला निघालेले असतात, त्यामुळे तूप जास्त आच सोसते. आपल्या स्वयंपाकघरात या कामाला तूपच सोयीचे. लोण्याचीच चव हवी असेल तर निम्मे तूप आणि निम्मे लोणी घ्यावे. दोन-दोन काप झाले की तवा कागदाने पुसून पुन्हा तूप सोडावे, नाहीतर आधीचे करपलेले कण पुढच्या कापांना चिकटतात.

संत्र्याची जोड

परदेशात फ्रेंच टोस्टवर मेपलचा पाक ओततात. नागपूर परिसरात त्याची जागा संत्रे घेऊ शकते. नागपुरी संत्र्याला २०१४ साली भौगोलिक मानांकन मिळाले. काटोल, कळमेश्वर, नरखेड, वरूड आणि मोर्शी या तालुक्यांतल्या बागांतून आंबिया बहाराचे फळ हिवाळ्याच्या तोंडाशी आणि मृग बहाराचे फळ फेब्रुवारीनंतर बाजारात येते. वाडीवरून जाणारा अमरावती मार्ग पुढे कोंढाळीमार्गे याच संत्रापट्ट्यातून जातो.

संत्र्याचा रस दूध-अंड्याच्या मिश्रणात घालू नये, कारण त्यातल्या आम्लाने दूध फाटते. मिश्रणात सालीचा कीस चालतो. संत्रे धुऊन, पुसून, सालीचा फक्त केशरी थर बारीक किसणीवर अर्धा चमचाभर किसावा. सुगंधी तेल याच थरात असते, खालचा पांढरा थर कडू असतो.

पाकासाठी पाव कप साखर दोन चमचे पाण्यात उकळून दाट करावी, गॅस बंद करावा आणि मग दोन संत्र्यांचा गाळलेला रस हळूहळू ढवळत घालावा. रस साखरेबरोबर बराच वेळ उकळू नये. नागपुरी संत्र्याचा रस काढल्यावर काही वेळाने कडसर होऊ लागतो. फळाच्या बिया आणि पडदे यांतल्या घटकांपासून रसाच्या आम्लात लिमोनिन हे कडू द्रव्य तयार होते, आणि उष्णतेने ही क्रिया वेग घेते. म्हणून रस आयत्या वेळी, बिया न चिरडता काढावा. संत्री नसतील त्या महिन्यांत मध, काकवी किंवा पातळ केलेला गूळ वापरता येतो. पिकलेल्या केळ्याच्या चकत्या तुपात परतून वर मांडल्या तरी छान लागतात.

तिखट आणि बिनअंड्याचे प्रकार

मराठी घरांत गोडापेक्षा तिखट प्रकार जास्त होतो. त्यात साखर, वेलची वगळतात आणि दूध निम्मे करतात. बारीक चिरलेला कांदा, हिरवी मिरची, कोथिंबीर, मीठ, चिमूटभर हळद आणि तिखट घालतात. कांदा फार बारीक हवा, जाड तुकडे कापाला चिकटत नाहीत. कांदा पाणी सोडतो, म्हणून मिश्रण करून ठेवू नये. गाडीवर मिळणारे ब्रेड-ऑमलेट याहून वेगळे. त्यात ब्रेड भिजवत नाहीत, तव्यावरच्या ऑमलेटवर ठेवून घडी घालतात.

अंडे न खाणाऱ्यांसाठी कस्टर्ड पावडर उपयोगी पडते. ती मुळात मक्याचा स्टार्च, रंग आणि स्वाद यांचे मिश्रण आहे. अंडे न चालणाऱ्या पत्नीसाठी इंग्लंडमधल्या आल्फ्रेड बर्डने १८३७ साली ती तयार केली. एक कप थंड दुधात दोन मोठे चमचे कस्टर्ड पावडर आणि एक चमचा साखर गुठळ्या न होऊ देता मिसळावी. ब्रेड या मिश्रणात नेहमीपेक्षा कमी वेळ बुडवावा आणि दर वेळी ते ढवळून घ्यावे, कारण स्टार्च तळाशी बसतो. तव्याच्या उष्णतेने हा स्टार्च फुगतो आणि अंड्याच्या जागी मिश्रण बांधून धरतो. तिखट प्रकारात हेच काम बेसन करते. मिश्रण धिरड्याच्या पिठापेक्षा पातळ ठेवावे आणि टोस्ट जरा जास्त वेळ परतावा, नाहीतर बेसन कच्चे लागते.

पोषण आणि काळजी

दोन काप, एक अंडे, अर्धी वाटी दूध, चमचाभर तूप आणि चमचाभर साखर धरली तर एका माणसाच्या वाट्याला सुमारे ३०० ते ३५० कॅलरी आणि १२ ग्रॅमच्या आसपास प्रथिने येतात. वरून ओतलेला पाक यात धरलेला नाही. शाळेत जाणाऱ्या मुलासाठी हा पुरेसा नाश्ता आहे. मधुमेह असलेल्यांनी गोड प्रकार टाळून तिखट प्रकार आटा ब्रेडवर करावा. ब्राऊन ब्रेडचा रंग पुष्कळदा कॅरामलचा असतो, म्हणून पाकिटावरच्या घटकांत गव्हाचा आटा किती टक्के आहे ते वाचून घ्यावे. ब्रेडच्या पिठात पूर्वी घातल्या जाणाऱ्या पोटॅशियम ब्रोमेट या रसायनावर भारताच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०१६ साली बंदी घातली आहे.

अंड्यांची काळजी उन्हाळ्यात विशेष घ्यावी लागते. ती फ्रिजमध्ये ठेवावीत आणि प्रत्येक अंडे आधी वेगळ्या वाटीत फोडून पाहावे. पाण्याच्या भांड्यात टाकल्यावर ताजे अंडे तळाशी आडवे बसते. जुने होत जाईल तशी आतली हवेची पोकळी वाढते आणि अंडे उभे राहते किंवा तरंगते. तरंगणारे अंडे वापरू नये. कच्च्या अंड्यात साल्मोनेला जिवाणू असू शकतो, त्यामुळे टोस्टचा मध्य पूर्ण शिजवणे हा केवळ चवीचा प्रश्न नाही. दूध-अंड्याचे उरलेले मिश्रण बाहेर ठेवू नये आणि दुसऱ्या दिवसासाठी राखूही नये. त्याचे तिथेच ऑमलेट करून टाकावे.

फ्रेंच टोस्ट गरमच खावा. निवल्यावर वाफेने त्याचे कवच मऊ पडते. सगळ्यांसाठी एकदम वाढायचा असेल तर झालेले टोस्ट ताटात एकावर एक न रचता जाळीवर सुटे ठेवावेत. उरलाच तर फ्रिजमध्ये ठेवून दुसऱ्या दिवशी मंद आचेवर तव्यावर गरम करावा. नागपूरच्या उन्हाळ्यात मात्र अंड्याचा टोस्ट मुलांच्या डब्यात देऊ नये. चार-पाच तास बंद डब्यात तो सुरक्षित राहत नाही, आणि त्या दिवसांत डब्यासाठी बिनअंड्याचे इतर कोरडे पदार्थच बरे.